डांग-ग्वे औषधी खरी, पण बेताने

संपादक महोदय,

डांग-ग्वे ही चीनच्या कान्सू प्रांतातली मुळी. तिची पूड रोज चहात ढवळून घ्यावी असे काही जण सांगतात; पण ती तशी रोज घेण्याची वस्तू नव्हे. तिकडे ती बाळंतपणानंतरच्या अशक्तपणात मटणाच्या रश्श्यातून देतात, आणि तीच रीत बरी.

मुळीचे काप आतून पिवळसर-पांढरे, सुगंधी हवेत. काळपट, खवट वासाचे घेऊ नयेत. अर्धा किलो मटण उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून ते पाणी फेकावे, नाहीतर उग्र वास राहतो. मग 30 ग्रॅम आले, 10 ग्रॅम डांग-ग्वे, दोन लिटर पाणी. मंद आचेवर झाकून दीड-दोन तास. खळखळून उकळल्यास सुवास उडतो, मुळी जास्त झाल्यास रस्सा कडवट होतो. मीठ शेवटी. (गरम मसाला घालण्याचा मोह टाळावा!)

वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) घेणाऱ्यांनी मात्र ही मुळी टाळावी; रक्त आणखी पातळ होऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदरपणी, पाळीत अतिस्राव असताना आणि शस्त्रक्रियेआधीही नकोच. जुलाब होत असतील तर ते वाढतात. बाळंतिणीलाही अंगावरून लाल जाणे थांबल्यावर, डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

– एक वाचक, पुणे