किल्ला कुठंय? तुम्ही आतच बसलाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत अलिबाग एका दिवसात कसं उरकावं याचा लेख वाचला. रेवदंड्याच्या वाट्याला त्यात दीड ओळ आली आहे : किल्ल्याचे अवशेष आहेत, फारसं पाहण्यासारखं नाही. शेजारचा फोटो तर रेवदंड्याचा नाहीच, कुंडलिका खाडीपलीकडच्या कोर्लई किल्ल्याचा आहे. मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. त्यातली बहुतेक वर्षं अलिबाग-रेवदंडा-मुरूड याच रस्त्यावर गेली, म्हणून हे पत्र.

हा रस्ता किल्ल्यातूनच जातो. गाडी तटाच्या आत शिरली की मी ओरडायचो, "किल्ला, किल्ला!" पाठीला सॅक लावलेली मुंबईची पोरं दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून माना काढायची. "काका, कुठंय किल्ला?" "तुम्ही आतच बसलाय." सगळी हसायची, उतरायचा एखादाच. त्यांची तरी काय चूक? आत घरं, दुकानं, नारळी-पोफळीच्या वाड्या. तट नजरेस पडायला पायी फिरावं लागतं.

जो उतरायचा त्याला मी सांगायचो, आधी सातखणीकडे जा. पोर्तुगीजांच्या चर्चचा हा मनोरा. नाव सातखणी असलं तरी सातही खण, म्हणजे मजले, आता उरलेले नाहीत. वाडीतल्या झाडांच्या वर तो एकदम उभा दिसतो, तेव्हा बडबडा माणूसही गप्प होतो. तिथून ओहोटी बघून समुद्राकडे उतरावं आणि तटाच्या कडेकडेनं काळसर वाळूतून चालावं. पोर्तुगीजांनी १५२४ च्या सुमारास हा कोट पुरा केला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. त्याआधी १५०८ साली इथंच चौलच्या बंदरात इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. ते पाणी नीट बघायचं तर कोर्लईचा किल्ला चढावा. खाडी आणि समुद्र दोन्ही पायाखाली येतात.

कोर्लईच्या बाया टोपल्या घेऊन गाडीत चढायच्या. माझ्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद मराठीत, आपसात बोलणं मात्र त्यांच्या बोलीत. पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेल्या या बोलीला ते लोक 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. इतक्या वर्षांत मला त्यातलं अक्षर कळलं नाही. गप्पा चालल्यात की भांडण, एवढं सुरावरून ओळखायचो.

अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला, वास्को द गामाच्या पंचवीसेक वर्षं आधी. हॉर्मुझहून विकायला घोडा घेऊन आला होता, तो पुढे जुन्नरच्या खानानं अडकवून ठेवला. आपण जिकडे जातो तिकडे माणसं मागे येतात, गोऱ्या माणसाचं नवल करतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींचं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळही आहे. दार बंद असलं तर शेजारी विचारावं, आरडाओरडा करू नये.

चौलचं रामेश्वराचं देऊळ चुकवू नका. समोर पुष्करणी, आणि देवळात फरसबंदीखाली पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी तीन कुंडं. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायचं, ही इथली जुनी रीत. कुंड उघडायची बोलणी सुरू झाली की गाडीत दुसरा विषय नसायचा. दत्तजयंतीला चौल-भोवाळ्याच्या डोंगरावर जत्रा भरते. ते दिवस आमचे उभ्याचे. पाय टेकायला जागा नसायची आणि तिकिटाची पेटी डोक्यावर धरून पुढे सरकावं लागायचं.

थंडीत आलात तर हॉटेलात कोंबडी खाऊ नका, पोपटीचं आमंत्रण मिळवा. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे अंडी नाहीतर कोंबडीचे तुकडे. तोंडाशी परत पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. झाली की नाही हे मडक्यावर पाण्याचा शिपका मारून बघतात. चर्र वाजलं की काढायची.

राहता राहिला चौलचा हमामखाना, म्हणजे जुनं स्नानगृह. झाडोऱ्यात शोधावा लागतो. रस्त्यावर बाण दाखवणारी एक पाटी लावा, म्हणून मी संबंधित खात्याकडे दोनदा अर्ज केला. दोन्हींची पोच माझ्याकडे जपून ठेवली आहे. पाटी अजून नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच, फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी. कोर्लईच्या डोंगराला रेवदंडा म्हटलेलं दोन्ही गावांना चालायचं नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, चौल