लेकीस पत्र: पहिल्या अंकाआधी

प्रिय लेकी,

तुम्ही मैत्रिणी मिळून रॉक संगीताचं फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं हौशी मासिक, काढताय, तेही कागदावर, हे ऐकून मला किती आनंद झाला ते फोनवर नीट सांगता आलं नाही. "बाबा, तुम्ही लोकांनी सुरुवात कशी केली होती?" असं तू विचारलंस. दोन वाक्यांत आटपण्यासारखं ते नाही, म्हणून सवडीनं लिहायला बसलोय.

आमची सुरुवात सायक्लोस्टाइलवर झाली. तू ते यंत्र पाहिलेलं नाहीस. आधी स्टेन्सिल कापायची. मेणाचा थर दिलेला तो पातळ कागद टाइपरायटरला लावायचा आणि रिबन बाजूला सारायची, म्हणजे खिळा थेट मेणावर आपटून अक्षर कोरलं जातं. बोटाचा जोर कमी पडला तर अक्षर उमटत नाही. जास्त पडला तर 'ठ'च्या पोटातला तुकडाच गळून जातो आणि छापताना तिथं शाईचा गोळा येतो. चूक झाली की ब्रशनं लाल द्रव लावायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं आणि मग त्याच जागी पुन्हा टाइप करायचं. स्टेन्सिल तयार झाली की ती ड्रमवर चढवून हँडल फिरवायचं. पानं ओलीच बाहेर पडत. तशीच एकावर एक ठेवली तर एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते, म्हणून मधे रद्दीचे कागद सरकवायला एक माणूस लागायचा. शेवटी टेबलावर पानांचे गठ्ठे ओळीनं मांडून आम्ही भोवती फिरत एकेक पान उचलायचो आणि कोपऱ्यात पिन मारायचो.

हे एवढं तपशिलात सांगतोय, कारण या खटाटोपाचा लिखाणावर थेट परिणाम व्हायचा. कापलेल्या स्टेन्सिलवर वाक्य बदलणं जिकिरीचं, त्यामुळं टाइप करण्याआधी प्रत्येक जण आपला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा. "जबरदस्त", "अप्रतिम" असले शब्द तिथंच गळायचे. कुणीतरी लगेच विचारायचं, "ते कळलं रे, पण तू ऐकलंस काय?" मग ज्यानं लिहिलं त्याला सांगावं लागायचं की दुसऱ्या कडव्यानंतर ड्रम थांबतात आणि बेस एकटाच चालू राहतो, किंवा गायकाचा आवाज मुद्दाम गिटारच्या मागे ठेवलाय आणि त्यामुळं शब्द अर्धेच कळतात. तुमच्यातही हा प्रश्न विचारणारी एक जण असू दे. तिचा राग येईल, पण तिला सोडू नका.

ही रीत काही आमची नव्हती. विज्ञानकथांचे चाहते १९३० पासून अशी फॅनझिनं काढून एकमेकांना टपालानं धाडत होते. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेला पॉल विल्यम्स त्याच मुशीतला. वय १७. त्यानं 'क्रॉडॅडी!'चा पहिला अंक काढला, त्यावर तारीख आहे ७ फेब्रुवारी १९६६. सायक्लोस्टाइल केलेल्या ५०० प्रती. नाव घेतलं ते लंडनजवळ रिचमंडमधल्या एका क्लबवरून, जिथं रोलिंग स्टोन्स हा बँड सुरुवातीच्या काळात वाजवायचा. तोवर या संगीतावर छापून यायचं ते मुख्यतः दोन प्रकारचं: धंद्यातल्या लोकांसाठी खपाचे आकडे, नाहीतर किशोरवयीन मुलींसाठी गायकांचे फोटो. विल्यम्सनं पहिल्याच अंकात जाहीर केलं की हे रॉक अँड रोलच्या समीक्षेचं मासिक आहे. कुणाची परवानगी नाही, शिफारस नाही. त्यानं लिहिलेलं परीक्षण वाचून गायक पॉल सायमननं त्याला वसतिगृहात फोन केला होता. आपलं गाणं कुणीतरी कान देऊन ऐकलंय, हे कलावंताला लगेच कळतं. 'रोलिंग स्टोन' मासिक आलं ते नोव्हेंबर १९६७ मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षांनी. त्याच १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेग शॉ आणि डेव्हिड हॅरिस 'मोजो नॅव्हिगेटर' हे फॅनझिन काढत होते. मोठी मासिकं मागाहून ज्या वाटेनं गेली ती या पोरांनी पाडलेली आहे, हे माझं ठाम मत.

झेरॉक्स सगळीकडे पोचल्यावर चित्र पालटलं. जुलै १९७६ मध्ये लंडनला मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनानं 'स्निफिन ग्लू' काढलं. रामोन्स या अमेरिकन पंक बँडची पहिली रेकॉर्ड ऐकून तो झपाटला होता आणि त्या संगीतावर वाचायला हवं तसं काही मिळत नव्हतं. मजकूर टाइप केलेला, मथळे जाड मार्करनं हातानं लिहिलेले, खाडाखोड तशीच ठेवलेली. पहिल्या अंकाच्या सुमारे ५० प्रती निघाल्या. वर्षभरात खप हजारोंवर गेला, आणि १९७७ मध्येच त्यानं ते बंद केलं. मला त्याची सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यानं आपल्याच वाचकांना बजावलं की आम्ही लिहितो त्यावर समाधान मानू नका, स्वतःचं फॅनझिन काढा. आणि लोकांनी खरंच काढली! त्याच सुमारास 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्या एका फॅनझिनमध्ये गिटारच्या तीन कॉर्डची (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या तीन जुळण्यांची) हातानं काढलेली आकृती आली. हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा, एवढाच मजकूर. ती आकृती 'स्निफिन ग्लू'ची म्हणून अनेकदा सांगितली जाते. तू कुठं लिहिलीस तर नाव बरोबर लिही.

तुला आणि तुझ्या मैत्रिणींना आणखी एक धागा माहीत असायला हवा. ऑलिंपिया नावाच्या लहानशा अमेरिकन गावात ब्रूस पॅव्हिटनं १९८० मध्ये 'सबटेरेनियन पॉप' हे फॅनझिन सुरू केलं. त्यातूनच पुढं सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी झाली आणि तिनं १९८९ मध्ये निर्वाणा या बँडचा पहिला अल्बम काढला. त्याच गावात टोबी व्हेल 'जिगसॉ' हे फॅनझिन काढत होती. तिनं आणि कॅथलीन हॅनानं मिळून 'बिकिनी किल' बँड उभा केला. १९९१ च्या आसपास मुलींच्या फॅनझिनांची लाटच आली, रायट गर्ल म्हणतात ती. मैफलीत मुलींना मागे ढकलून पुढची जागा मुलगेच अडवतात, हे त्यांनी छापून सांगितलं, आणि मुलींना पुढं बोलावलं. आमच्या अंकांच्या काळात मुलींचं लिखाण फार थोडं यायचं. ती उणीव मला आजही बोचते, म्हणून तुमच्या अंकाची मी इतकी वाट पाहतोय.

आता माझा आग्रह. मैफलीचा वृत्तान्त लिहाल तेव्हा तारीख, जागा, बँडमध्ये कोण काय वाजवत होतं आणि गाणी कोणत्या क्रमानं झाली, हे सगळं टिपून ठेवा. रेकॉर्ड निघण्याआधीच मोडलेले कितीतरी बँड असतात. त्यांचा मागे राहिलेला पुरावा म्हणजे कुणा चाहत्यानं लिहिलेलं अर्धं पान. पाचपैकी किती तारे, या फंदात पडू नका. कुणाची टिंगल करायची हौस आली तर तो मजकूर रात्रभर बाजूला ठेवा. नावडलेल्या रेकॉर्डबद्दल जरूर लिहा, पण कुठं कंटाळा आला ते दाखवून लिहा. मुलाखत कापायची घाई नको. बोलणारा अडखळतो, विषय सोडून आपल्या जुन्या अँप्लिफायरबद्दल सांगत बसतो, तेच पुढं वाचायला गोड लागतं. रेकॉर्डिंग मात्र तुम्हीच ऐकून उतरवा. थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत उतरवताना त्या माणसाच्या बोलण्याची लय कानात बसते, आणि मग त्याच्या तोंडी भलतं वाक्य घालायला हात धजत नाही.

छपाईचं थोडक्यात. मधे घडी घालून पिन मारणार असाल तर पानं चारच्या पटीत ठेवा. फोटो फार काळे असतील तर झेरॉक्समध्ये नुसते डाग दिसतात, तेव्हा उजळ फोटो निवडा. कडेला बोटभर जागा सोडा, यंत्र तेवढं खातं. संपर्काचा पत्ता आणि अंकाची तारीख आतल्या पानावर हवीच. उत्साहाच्या भरात नेमकं तेच राहून जातं.

मजकूर जुळला की छापायच्या आधी एक प्रत मला पाठव. शुद्धलेखन मी तपासतो. मतांना हात लावणार नाही.

तुझा,
बाबा