मॉपची मोजणी आणि रुग्णालयाची जबाबदारी

संपादक महोदय,

शस्त्रक्रियेत निष्काळजीपणा झाल्याची बातमी आली की चर्चा डॉक्टरांना अटक व्हावी की नाही, याच प्रश्नापाशी अडते. पुण्यातील शस्त्रक्रियागृहांत सत्तावीस वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यानंतर मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : टाके घालण्यापूर्वी मॉप (शस्त्रक्रियेत रक्त टिपायला वापरतात ते कापडी तुकडे) आणि उपकरणे यांची मोजणी झाली होती का, आणि ती कोणी केली?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये यासाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली. भूल देण्यापूर्वी रुग्णाची ओळख, संमती आणि शस्त्रक्रियेची जागा पडताळायची, छेद घेण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबून तीच खात्री पुन्हा करायची आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी मोजणी जुळवायची, इतके ते साधे आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही, सगळ्या शस्त्रक्रिया आटोपल्यावर एका बैठकीत खुणा करून टाकलेले कागद मी स्वतः पाहिले आहेत.

एकदा पोटाच्या शस्त्रक्रियेत माझ्या मोजणीत एक मॉप कमी भरला. ‘सिस्टर, तुमचीच मोजणी चुकली असेल,’ असे म्हणून सर्जनांनी टाके घालायला घेतले. भूलतज्ज्ञ मॅडम ठामपणे ‘थांबा’ म्हणाल्या, आणि मॉप यकृतामागे सापडला. नुकत्याच रुजू झालेल्या एखाद्या मुलीला त्या जागी तोंड उघडण्याचे धाडस झाले असते का, ही शंका मला आजही छळते.

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत पोटात मॉप राहिल्याने एका महिलेचा जीव गेला. त्या प्रकरणात राज्य सरकारवर भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केली, ती १९९६ मध्ये. तेहतीस वर्षे! फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, हे याच न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये सांगितले, आणि ते मला योग्य वाटते. कारण तुरुंगाच्या भीतीने चुका कमी होण्याऐवजी लपवल्या जातात. मात्र भरपाईची जबाबदारी रुग्णालयाची असेल, तर मोजणीसाठी पुरेशा परिचारिका नेमणे आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी उभे राहणे, हेही रुग्णालयाचेच कर्तव्य ठरते.

मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन डॉक्टरांवर आजही आहे. पण तपासणी यादी नावाचा काही कागद असतो, हेच नातेवाईकांना ठाऊक नसते. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांच्या सह्या व वेळेची नोंद असलेली ही यादी घरी सोडतानाच्या कागदांसोबत प्रत्येक रुग्णाला मिळावी. पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागानेही खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना मागील काही महिन्यांच्या याद्या मागवून त्यांवरील वेळा शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीशी ताडून पाहाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, कोथरूड, पुणे