सप्ताहाचं रेकॉर्डिंग वाचवणाऱ्या दादांना

दादा, फोनवर थँक्यू म्हणून झालंय, पण मंडळातली पोरं म्हणाली नीट लिहून टाक, बाकीच्या गावांनाही उपयोग होईल, म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या सप्ताहाच्या कीर्तनाला सहा माईक असतात. महाराजांचा, पेटीचा, पखवाजाचा, टाळकऱ्यांना दोन आणि एक लोकांकडे तोंड करून. रेकॉर्डिंगची सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने, प्रत्येक 24 बिटचा. निरूपण ऐन रंगात आलं की दीड तास व्हायच्या आत सॉफ्टवेअर हँग, दुसऱ्या रात्रीही तिथंच! कुणी म्हणे लाईट कमी-जास्त होतेय, कुणी म्हणे लॅपटॉप तापला, एक जण तर डायरेक्ट नवीन लॅपटॉपचं कोटेशन घेऊन आला. तुम्ही एवढंच विचारलंत, फाईल केवढी झालीय बघ. बघितली तर 4 जीबी.

मग तुम्ही हिशोब घातलात तो अजून वहीत आहे. एका माईकचे तासाला साधारण 520 एमबी, सहाचे 3 जीबीच्या वर, आणि साध्या वेव्ह (.wav) ऑडिओ फाईलला 4 जीबीच्या पुढे जाताच येत नाही कारण तिच्यात साईज लिहायला जागाच 32 बिटची. आम्ही सहाही माईक एकाच फाईलमध्ये घेत होतो म्हणजे 1 तास 23 मिनिटांच्या आसपास भिंत येणारच. डिस्क अर्धी रिकामी होती हो, त्यामुळे जागेचा संशयच कुणाला आला नाही. आता प्रत्येक माईकची वेगळी फाईल, ड्राईव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला (जुन्या फॅट32 फॉरमॅटला पण एका फाईलसाठी तीच 4 जीबीची अडचण), फोल्डर क्लाऊड सिंकच्या बाहेर, स्लीप मोड बंद. आणि 96 किलोहर्ट्झचा हट्ट धरणाऱ्याला तुम्ही जे सुनावलंत, दुप्पट जागा खाऊन कीर्तनात काय वेगळं ऐकू येणार, ते आमच्याकडे अजून फेमस आहे.

पण खरे उपकार त्या अडकलेल्या फाईलींचे. प्लेअरमध्ये शून्य सेकंद दाखवत होत्या, आम्ही डिलीट मारणार होतो. तुम्ही फोनवर बसून ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा, म्हणजे नुसता कच्चा डेटा म्हणून इम्पोर्ट करायला लावलंत, 24 बिट, सहा चॅनल, 48000. आधी नुसती खरखर आली, मग सुरुवातीचा हेडर (फाईलची माहिती असलेला भाग) सोडायला ऑफसेट, म्हणजे कुठल्या बाइटपासून वाचायचं ते, बदलत बदलत गेलो आणि एकदम महाराजांचा आवाज, स्वच्छ, टाळासकट. मंडपात पोरांनी विठ्ठल विठ्ठल केलं ते तुम्हाला फोनवर ऐकू गेलंच असेल. पैसे विचारले तर तुम्ही फोनच ठेवलात, हे काय बरोबर नाही केलंत.

काल्याचं कीर्तन पूर्ण आलंय, लिंक पाठवतो. पखवाजाच्या ट्रॅकवर बारीक गुणगुण येतेय, मला वाटतं अर्थिंगची असावी, सवड मिळाली की जरा ऐकून सांगा.