काका, खुनी कोण ते न सांगितल्याबद्दल मनापासून थँक्यू

प्रिय काका,

वाचनालयात येऊन तोंडावर थँक्यू म्हटलं तर तुम्ही 'राहू दे गं, आधी पुस्तक जमा कर' म्हणून विषय बदलाल, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आपल्या रहस्यकथांच्या कपाटावर कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलने 'खुनी डॉक्टर' वगैरे लिहून जातं, आणि तुम्ही परत आलेलं प्रत्येक पुस्तक काउंटरवर उभ्या उभ्या चाळता, तसलं काही सापडलं की लगेच खोडरबर, पेनने लिहिलेलं असेल तर वर कागदाची पट्टी. शेवट फोडणारी प्रस्तावना असेल तर ती पानं चक्क स्टेपल केलेली, वर तुमच्या अक्षरात 'नंतर वाचा'.

अगाथा ख्रिस्तीचं १९२६ सालचं रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाचं पुस्तक मला कोरं वाचायला मिळालं ते यामुळेच. शेवट वाचून मी सुन्न झाले, मग परत पहिल्या पानापासून बघितलं तर सगळं डोळ्यांसमोरच लिहिलेलं होतं!! याहून एक शब्द जास्त लिहिणार नाही, कुणाचं वाचायचं राहिलं असेल तर. चांगलं पुस्तक शेवट माहीत असूनही चांगलंच वाटतं म्हणतात, खरंय, मीही परत परत वाचते, पण ती मजा कधीही मिळते, पहिल्यांदाची एकदाच. लंडनला तिचं 'माउसट्रॅप' नाटक १९५२ पासून चालू आहे, कोरोनात बंद होतं तेवढं सोडलं तर, आणि तिथे प्रयोगानंतर स्टेजवरून प्रेक्षकांना सांगतात की खुनी कोण ते बाहेर बोलू नका. आपल्या एवढ्याशा वाचनालयात हे सगळं तुम्ही एकटे सांभाळता.

आणि ती वाड्याची गूढकथा! वरच्या खोलीत खरंच कोणी होतं की त्या बाईच्या मनाचे खेळ, असं विचारलं तर तुम्ही चष्मा वर सरकवून 'तुला काय वाटतं?' एवढंच म्हणालात. तेव्हा राग आला होता, पण मी आणि ताई अजून त्यावरून भांडतो, ती म्हणते होतं, मी म्हणते नव्हतं, तुम्ही उत्तर दिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. हल्ली पिक्चर लागला की लगेच 'एंडिंग एक्सप्लेन्ड'चे व्हिडिओ, थंबनेलवरच खुन्याचा फोटो, फार वाईट वाटतं बघून.

रविवारी ताईच्या मुलीला कार्ड काढायला घेऊन येतेय. ती खोदून खोदून विचारेल, प्लीज तिलाही काही सांगू नका.