डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या आरोग्य पुरवणीत ‘इम्युनिटी वाढवा’ छापाचा मजकूर येऊ लागतो. गेल्या रविवारी तर अर्धे पान होते. काढे, गुळवेल, जस्ताच्या गोळ्या, कसलीशी पावडर, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, ‘जाहिरात’. मी तालुक्याच्या गावी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. पण प्रतिकारशक्ती जितकी वाढेल तितकी चांगली, ही समजूत डेंग्यूच्या मोसमात माणसांना कशी गोत्यात आणते, ते खिडकीच्या आतल्या बाजूने मी पाहिले आहे.

रिपोर्ट न्यायला आलेल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच : “पेशी किती?” म्हणजे प्लेटलेट. त्या लाखाच्या वर असल्या की “मग झालं, साहेब,” म्हणून कागदाची घडी खिशात. त्याच कागदावर तीन ओळी वर पीसीव्ही छापलेला असतो, रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण. तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आजाराच्या सुरुवातीला हा आकडा ४० होता आणि चार दिवसांनी ४८ झाला, तर रक्त वाढलेले नसते. रक्तवाहिन्यांतून पाण्यासारखा द्रव बाहेर झिरपून उरलेले रक्त घट्ट झालेले असते. रक्तदाब कोसळतो तो यातून. आणि ही गळती बहुधा सुरू होते ती ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरच्यांना वाटते, ताप गेला, आता घरी नेऊ. नेमके तेच एक-दोन दिवस धोक्याचे.

यातली मेख अशी, की त्या वेळी रक्तातला विषाणू कमी होत आलेला असतो. विषाणूचे एक प्रथिन, एनएस१, वाहिन्यांच्या अस्तराला इजा करते हे खरे (पहिल्या दिवसांतली डेंग्यूची चाचणी ती याचीच). पण मोठा वाटा असतो आपल्याच पेशींनी सोडलेल्या सायटोकाइन नावाच्या निरोप्या रेणूंचा. त्यांचा पूर आला की वाहिन्यांचे अस्तर सैल पडते. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेलेल्याला पुढे दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर जुनी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) त्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट पेशींत शिरायला त्याला मदतच होते. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू जास्त जड जाऊ शकतो. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली गेली. पूर्वी कधीच डेंग्यू न झालेल्यांना या लशीनंतर संसर्ग झाला तर तो अधिक गंभीर होऊ शकतो, हे २०१७ च्या अखेरीस जाहीर झाले आणि ती मोहीम थांबवावी लागली. प्रतिपिंडे होती, पण नको तशी उपयोगी पडली.

याचा अर्थ हे रेणू वाईट, असा मुळीच नाही. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेऊन त्यांवर उष्णता देऊन निकामी केलेला फ्लूचा विषाणू सोडला. त्या तुकड्यांभोवतीचा द्रव मग ताज्या तुकड्यांना दिला, तर त्यांच्यात जिवंत विषाणू वाढेना. पेशी काहीतरी सोडतात आणि शेजारच्या पेशी आधीच सावध होतात. त्या काहीतरीला त्यांनी इंटरफेरॉन म्हटले. तेही एक सायटोकाइनच. पुढे हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना हेच इंटरफेरॉन टोचले जाऊ लागले, तेव्हा इंजेक्शननंतर त्यांना कणकण, अंगदुखी, ताप असा फ्लूसारखा त्रास व्हायचा. विषाणूच्या तापात अंग मोडून येते त्यातही या रेणूंचा हात असतो. मात्र ते वेळेवर यायला हवेत. २०२० मध्ये जीवघेण्या कोविडच्या सुमारे दहा टक्के रुग्णांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. त्यांत पुरुष जास्त होते. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांना, म्हणजे उशिरा, इंटरफेरॉन देऊन मृत्यू कमी झाले नाहीत.

आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कोविडवर डेक्सामेथासोनची चाचणी झाली. दाह, म्हणजे प्रतिकारातून शरीरात उठणारी सूज, दाबणारे हे जुने, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना दिल्यावर मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांना काडीचाही फायदा दिसला नाही. हा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे कुणी ऐकलाच नाही. साधा ताप आला की स्टेरॉइड सुरू, असे सर्रास झाले आणि २०२१ च्या उन्हाळ्यात अनियंत्रित मधुमेहाच्या जोडीने म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे आपल्याच पानांवर छापून आले आहे.

शरीरात हा दाह आवरणारे रेणूही असतातच. इंटरल्यूकिन-१० त्यातला एक. दाह आवरता घे, असा त्याचा निरोप. आपल्याच शरीरावर हल्ला होऊ नये म्हणून इतर पेशींना रोखणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी २०२५ चे नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. वटवाघळांकडे पाहावे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या संसर्गाचे पुरावे मिळाल्याची बातमी २०२१ मध्ये आली होती. असले विषाणू अंगावर बाळगूनही वटवाघळे सहसा आजारी दिसत नाहीत, आणि त्याचे एक कारण म्हणजे त्यांच्यातली दाह पेटवणारी यंत्रणा मवाळ असते. त्यांची ‘इम्युनिटी’ पावडर खाऊन वाढलेली नाही.

तेव्हा दोन विनंत्या. अशा मजकुरावरचा ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याइतक्याच टायपात छापावा. आणि जुलै ते नोव्हेंबर पहिल्या पानावर एक चौकट द्यावी : डेंग्यूत ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, गुंगी किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले तर प्लेटलेट कितीही असोत, त्याच तासाला दवाखाना गाठा, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, पीसीव्ही किती, हे डॉक्टरांना विचारा. एवढ्याला दोन बोटे जागा पुरेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
निवृत्त लॅब टेक्निशियन, जि. सातारा