पंपाच्या हँडलसोबत पाद्रीबाबाही आठवा की

संपादक साहेब, १८५४ च्या लंडनच्या कॉलऱ्याचा विषय निघाला की कॉलरा पाण्यातून पसरतो म्हणणारे डॉ. जॉन स्नो आणि त्यांच्या सांगण्यावरून हँडल काढलेला ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप एवढंच छापून येतं, तिथल्याच सेंट जेम्स पॅरिशमधला (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीतला) तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड कुणाला आठवतच नाही. हा बाबा खरं तर स्नोचं म्हणणं खोडायला निघालेला, पण घरोघरी विचारपूस करता करता त्यालाच पटलं की दोष पाण्याचाच, आणि ४० नंबरच्या घरातल्या आजारी बाळाची दुपटी धुतलेलं पाणी ज्या खड्ड्यात ओतलं तो विहिरीला जवळपास खेटूनच होता हेही त्याच्यामुळेच कळलं. ६०० च्या वर माणसं गेली हो! शेजारच्या वर्कहाउसात (गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा) ५०० वर गरीब, तिथे फक्त ५, कारण त्यांची विहीर वेगळी. बिअरच्या कारखान्यातले कामगारही वाचले, पंपाचं पाणी पीतच नव्हते (भलता अर्थ काढू नये).

- एक नियमित वाचक